जुनी तिजोरी उघडण्यापूर्वी

रिसोडच्या जुन्या वस्तीतील एखादे घर विक्रीस निघते, भावाभावांत वाटणी होते, किंवा धाब्याची माती उतरवून स्लॅब टाकण्याचे ठरते, आणि सामान बाहेर काढता काढता माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, रिकाम्या बारदान्याच्या आणि मोडक्या पाळण्याच्या आड, लोखंडी तिजोरी उभी असलेली दिसते. ती तेथे आहे हे घरातल्यांना अर्धवट ठाऊक असते. ती शेवटची कधी उघडली हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. किल्ली हरवलेली असते. जे आबाजी ती उघडत-लावत असत, त्यांना जाऊन कित्येक वर्षे झालेली असतात. आजी आहेत, परंतु त्या सकाळी एक सांगतात आणि दुपारी दुसरे. पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आलेल्या नातवाला परत जायचे असते, आणि म्हणून तिसऱ्या दिवशी ग्राइंडर घेतलेला माणूस दारात उभा राहतो.

आरोग्याच्या पाक्षिकात तिजोरीचे काय काम, असे कोणास वाटेल. काम आहे. ज्या व्यक्तीची फुप्फुसे घरात सर्वांत दुबळी, कातडी सर्वांत पातळ आणि मन सर्वांत हळवे, तिलाच अशा वेळी आपण तिजोरीपासून चार हातांवर खुर्ची टाकून मोठ्या कौतुकाने बसवतो.

वऱ्हाडात अशा तिजोऱ्या आल्या त्या प्रामुख्याने कापसाच्या पैशाबरोबर. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, पुढे रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, आणि पेढी व सावकारी यांचे कागद व रोकड ठेवण्यास लाकडी संदूक अपुरी पडू लागली. आरंभी या तिजोऱ्या विलायतेहून येत. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ पासून तिजोऱ्या घडवण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून देशी तिजोरी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचू लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला, आसपासच्या इमारती जळून गेल्या. त्या राखेतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतील ऐवज शाबूत होता, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. आग आणि चोर या दोहोंना दाद न देणारी ही वस्तू तुमच्या नातवाच्या घाईलाही सहजी दाद देणार नाही. घाई केली, तर तिच्या अंगात जे दडवलेले आहे ते आधी बाहेर पडेल.

कारण तिजोरी म्हणजे भरीव लोखंड नव्हे. ती दोन भिंतींची पेटी असते आणि त्या भिंतींमधल्या पोकळीत आग रोखणारा काहीतरी मसाला भरलेला असतो. काही तिजोऱ्यांत याच कामासाठी तुरटी वापरली जाई. आपण गढूळ पाणी निवळण्यास वापरतो तीच ही तुरटी. तापली की ती आपल्या अंगचे पाणी सोडते, त्याची वाफ होते, आणि आतले कागद करपण्याइतकी उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो. कोणी लाकडाचा भुसा भरीत, कोणी जिप्सम, कोणी नुसते काँक्रीट. ही सारी भरणे उपद्रवी खरी, पण प्राणघातक नव्हेत. विसाव्या शतकातील कित्येक तिजोऱ्यांच्या भिंतींत व दारांत मात्र अॅस्बेस्टॉस वापरले गेले. पोकळीत बंद आहे तोवर ते कोणाचे काही बिघडवीत नाही. ग्राइंडरचे पाते त्यातून फिरले, की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू खोलीभर तरंगू लागतात, श्वासाबरोबर खोल जातात आणि तेथेच रुततात. त्यातून होणारे फुप्फुसाचे व त्यावरील आवरणाचे रोग दिसू लागण्यास वीस-तीस वर्षे लागू शकतात. म्हणजे खुर्चीवर बसलेल्या आजींपेक्षाही जवळ उकिडवा बसून गंमत पाहणारा आठ वर्षांचा पणतू आणि अंगावर साधा शर्ट घालून पाते चालवणारा कारागीर यांना या धुळीचा धोका अधिक. आजींना त्रास होतो तो लगेच, दम्याच्या आणि खोकल्याच्या रूपाने. आत भुसा आहे की अॅस्बेस्टॉस, हे पांढुरक्या पुडीकडे पाहून ओळखता येत नाही. तेव्हा ठाऊक नसेल तर ते घातक आहे असेच धरून चालावे.

रंगाचेही असेच. लोखंडाला गंज चढू नये म्हणून पूर्वी त्यावर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या लाल ऑक्साइडचा हात देत. वरच्या हिरव्या वा तपकिरी रंगातही शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला, यावरून त्यापूर्वीच्या रंगांची कल्पना यावी. गॅस कटरच्या ज्योतीखाली हा रंग जळतो तेव्हा शिशाचा धूर होतो. बंद माजघरात कटर चालवणे हे त्याहून मोठे अविचाराचे, कारण धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्यास ना रंग ना वास. आणि ज्या कागदांसाठी हा खटाटोप, ते बहुधा आतल्या आत कोळसा होतात.

आता विषारी वायूच्या कुपीविषयी. परदेशातील चित्रफिती पाहून अनेकांच्या मनात ही भीती बसली आहे. गोष्ट खरी आहे, पण तिचे माप ओळखून घ्यावे. पहिल्या महायुद्धात वापरलेले क्लोरोपिक्रिन नावाचे अश्रुकारक द्रव्य काचेच्या कुपीत भरून ती कुपी दाराच्या आत, कुलपामागे बसवण्याची पद्धत युद्धानंतरच्या काळात अमेरिकेत रूढ होती. कोणी दाराला छिद्र पाडू लागला, घण घातला, की कुपी फुटे आणि चोर डोळे चोळीत पळे. हा प्रकार मुख्यतः अमेरिकन तिजोऱ्यांतला. आपल्याकडच्या पेढीवरील तिजोरीत तो आढळण्याचा संभव फार थोडा. तरीही दार उघडल्यावर कुलपाच्या मागच्या बाजूस पत्र्याच्या चौकटीत पिवळसर द्रवाची काचनळी दिसलीच, तर तिला हात न लावता खोली सोडावी आणि पोलिसांस कळवावे. फुटलीच, तर सर्वांनी उघड्या हवेत यावे, डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत, आणि थोड्या वेळात बरे वाटले तरी दवाखान्यात जावे. कारण फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास कित्येक तासांनंतरही उद्भवू शकतो.

मला आपल्या मुलखात अधिक भय वाटते ते निराळ्याच कुपीचे. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या घरात कुलपाची एकमेव भक्कम जागा म्हणजे तिजोरी. घरातल्या कर्त्या स्त्रीने, कोणाच्या हाती लागू नये म्हणून, फवारणीचे औषध किंवा धान्यात टाकायच्या गोळ्या तिच्यातच लावून ठेवल्या, असे सहज घडते. एकेकाळी या मातीत सर्रास फवारलेल्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली. परंतु बंदी बाजारावर येते, कुलपाआडच्या बाटलीवर येत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जे बळी गेले, ते आपण विसरलेलो नाही. धान्यातल्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, यांचे वर्म ओलाव्यात आहे. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा असे औषध नाही. जुनी तिजोरी ही हवाबंद नसली तरी कोंदट नक्की असते. दार किलकिले होताच लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, आत करड्या पुडीने भरलेली नळी वा डबी दिसली, तर दार तसेच ठेवून सर्वांनी बाहेर पडावे, खिडक्या उघड्या राहू द्याव्यात, आणि धुऊन काढू म्हणून त्या पुडीवर पाणी मुळीच ओतू नये. डोके जड होणे, मळमळ, छातीत आवळणे यांपैकी काही जाणवल्यास १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांस 'तिजोरीतल्या धान्याच्या गोळ्या' असे स्पष्ट सांगावे.

सोनारकाम करणाऱ्या घरात तेजाब आणि सायनाइड, जुन्या वैद्यांच्या घरात पारा आणि सोमल, हीही नावे या यादीत येतात. ओळखू न येणारी पुडी चाखून किंवा हुंगून पाहण्याची आपल्या जुन्या माणसांची सवय फार जुनी आहे. दार उघडण्यापूर्वीच त्यांना तसे न करण्याविषयी प्रेमाने बजावलेले बरे.

वजनाविषयी थोडेच सांगतो, कारण ते सर्वांस दिसते आणि तरी कोणी मानीत नाही. दोन-चार माणसांनी 'हाँ, लगाव जोर' करून हलवायची ही वस्तू नव्हे. माडीवरच्या लाकडी तुळ्यांवर ती पन्नास वर्षे उभी आहे म्हणजे सरकवतानाही तुळई टिकेल असे नाही. भिंतीत न बसवलेल्या तिजोरीचे दार उघडून पूर्ण फाकवले की सारा भार पुढे येतो. पाठीमागे आधार नसेल किंवा खालची फरशी खचलेली असेल तर ती तोंडावर येऊ शकते. दाराची बिजागरी झिजलेली असली तर दार एकाएकी खाली बसते आणि चौकटीत बोटे सापडतात. ज्या वृद्धांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या बाबतीत असा साधा चेंगराही मोठा रक्तस्राव करू शकतो. पत्र्याने कापले तर आपण गंजाला दोष देतो. धनुर्वाताचे जंतू मात्र गंजात नसून मातीत, शेणात आणि धुळीत असतात, आणि तिजोरीखाली त्याच साठलेल्या असतात. साठीपुढच्या माणसाने धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे विचारून पाहा. बहुधा उत्तर मिळत नाही. दर दहा वर्षांनी ती घ्यावी लागते, आणि जखम मळकी असेल तर पाच वर्षे झाली असली तरी डॉक्टर पुन्हा देतात. तिजोरीला हात लावण्यापूर्वी आठवडाभर आधी घरातल्या सर्वांनीच हे इंजेक्शन घेतले तर उत्तम.

तिच्या पायांखालच्या फटीत विंचू असतो, हे खेड्यातल्या वाचकांस सांगायला नको. लाल विंचवाचा दंश एकेकाळी सर्रास जीव घेई, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून, वेळेत उपचार मिळालेला रुग्ण बहुधा वाचतो. वेळेत हे महत्त्वाचे. दंशानंतर घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, तर उताऱ्याचा माणूस शोधीत बसू नये.

सरकार स्वतः जेव्हा एखादे जुने दालन उघडते तेव्हा काय करते, हे पाहण्यासारखे आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराची शेवटची मोजदाद १९७८ मध्ये झाली होती. १४ जुलै २०२४ रोजी ते उघडले, तेव्हा बाहेर वैद्यकीय पथक होते, सर्पमित्र होते. आतल्या दालनाला जिल्हा प्रशासनाकडच्या किल्ल्या लागल्या नाहीत, तेव्हा दंडाधिकाऱ्यांसमक्ष कुलपे तोडण्यात आली. सापांच्या इतक्या आख्यायिका, पण साप एकही निघाला नाही. मला त्यातली विशेष आवडलेली गोष्ट पुढची आहे. दार उघडले, आत पाहिले, दिवस कलला होता म्हणून ऐवजाला हात न लावता नवीन कुलूप घालून दालन पुन्हा बंद केले, आणि आतला ऐवज हलवला तो चार दिवसांनी. एवढा संयम आपल्या एका तिजोरीसाठी आपल्याला अवघड का जावा?

आता किल्लीकडे येतो. माझ्या मते बहुतेक घरांत ती हरवलेली नसते. आपण ज्यांना विचारायचे त्यांना नीट विचारलेले नसते.

जुन्या तिजोऱ्यांना खोड्या फार. किल्लीचे भोक एखाद्या पितळी फुलाखाली किंवा सरकत्या पट्टीखाली दडवलेले असे. काहींना फसवे भोकही असे. कुठे मूठ आधी वर उचलून मग किल्ली फिरवायची, कुठे किल्ली अर्धी बाहेर ओढून दुसरा फेरा द्यायचा. बरोबर किल्ली हाती असूनही तिजोरी उघडत नाही आणि घरातले लोक 'किल्ली दुसरीच आहे' असे ठरवून मोकळे होतात, ते यामुळे. ही खोडी ठाऊक असलेली व्यक्ती कित्येकदा घरातच, खाटेवर पडून असते.

स्मृतिभ्रंशाच्या आजारात नावे, तारखा, काल घडलेले प्रसंग आधी पुसले जातात. हाताने वर्षानुवर्षे केलेल्या कृतींची आठवण त्या मानाने उशिरापर्यंत टिकते. जी आजी नातीचे नाव विसरते, तीच फुलवाती मात्र बिनचूक वळते. म्हणून 'आजी, किल्ली कुठे आहे? आठवा ना!' असा धोशा लावण्याऐवजी घरातल्या साऱ्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात नुसता द्यावा आणि शेजारी बसावे. सकाळची वेळ निवडावी, कारण या आजारात सायंकाळी गोंधळ वाढतो. चष्मा आणि कानातले यंत्र लावलेले असावे. दोन माणसांहून अधिक जवळ नसावीत. त्यांची बोटे एखाद्या किल्लीवर थांबतील, त्या कनवटीकडे हात नेतील, देवघराच्या कोनाड्याकडे पाहतील. काहीच न घडले तरी चालेल. तो जुडगा त्यांच्याकडेच राहू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. ही परीक्षा आहे असे त्यांना वाटता कामा नये.

याच आजारात 'माझे कोणीतरी चोरले' हा संशय फार आढळतो, आणि तो बहुधा सर्वांत जवळ राहून सेवा करणाऱ्या सुनेवर वा बाईवर येतो. आजी दुपारी निजल्या असताना तिजोरी फोडली गेली आणि उठल्यावर त्यांना ते उघडे, कापलेले दार दिसले, तर त्या संशयाला आयुष्यभराचा पुरावा मिळतो. मग जेवण नाकारणे, औषध थुंकणे, रात्र रात्र जागणे सुरू होते. सेवा करणाऱ्या स्त्रीला त्याचा जो जाच होतो तो बाहेरच्यांना कळत नाही. म्हणून तिजोरी उघडायची ती त्यांच्या संमतीने, त्या पूर्ण जाग्या असताना, पण धुळीच्या वाऱ्यावर मात्र नव्हे. छिद्र पाडणे वा कापणे अटळच झाले, तर त्या दिवशी त्यांना नातलगांकडे न्यावे, आणि दार उघडण्याचा क्षण खोली ओल्या फडक्याने पुसून झाल्यावर, त्यांच्या देखत ठेवावा. ज्यांची बुद्धी शाबूत आहे अशा वृद्धांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. तिजोरी त्यांची आहे. ती न उघडण्याचा त्यांना अधिकार आहे.

किल्ली मिळालीच तर कुलपात खोबरेल तेल सोडू नये. ते थंडीत गोठते आणि धुळीचा गाळ धरते. ग्राफाइटची भुकटी बरी. किल्ली मिळालीच नाही, तर दारावरील कारखान्याचे नाव व क्रमांक टिपून घ्यावा, मालकीचा कागद जवळ ठेवावा, आणि तिजोरीच्या कुलपांचेच काम करणारा जाणता कारागीर वाशीम, अकोला येथून बोलवावा. असा कारागीर आधी कान लावतो, चाचपतो. पाते शेवटी काढतो. घरात शिरताच ग्राइंडरची वायर सोडणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवावे.

आत काय निघते? बहुतेकदा सातबाराचे जुने उतारे, गहाणखते, एखादी जन्मपत्रिका, चांदीचे करंडे. कधी आजींनी जमवलेल्या, २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा. अशा दहाहून अधिक नोटा बाळगणे २०१७ च्या कायद्याने दंडनीय आहे, तेव्हा वकिलाचा सल्ला घ्यावा. पण आजींसमोर 'हे सारे कागदच झाले' असे म्हणू नये. काडतुसे किंवा बंदूक निघाली तर हात न लावता ठाण्यात कळवावे. विकत घेतलेल्या वाड्याच्या भिंतीत मूळ मालकाचा थांग नसलेला ऐवज सापडला, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार, त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भाग आहे.

कागदांवर काळपट-हिरवी बुरशी असेल तर ते झटकू नयेत. मधुमेह असलेल्या, दम्याच्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाने ते मुळीच चाळू नयेत. २०२१ मधली काळी बुरशी कोणास झाली होती हे आठवावे. मास्क लावलेल्या तरुण हातांनी ते ओसरीच्या सावलीत दोन दिवस पसरावेत, आणि मग, धूळ गेलेले एक-एक पान आजींच्या मांडीवर द्यावे. दिवसाला अर्धा तास पुरे. जमाखर्चाच्या वहीतले नाव पाहून त्या जे बोलू लागतील, ते कोणीतरी लिहून घ्यावे.

रिकामी तिजोरी भंगारात जाईपर्यंत ओसरीत उभी राहते आणि लपाछपीत पोरे तिच्यात शिरतात. तिच्या दाराचे कुलूप त्याच दिवशी काढून टाकावे, नाहीतर दार भिंतीकडे करून ठेवावे.